आधी वही, मग घर

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. आईबाबांसाठी फ्लोरिडातल्या ५५ प्लस, म्हणजे पंचावन्नच्या पुढच्यांसाठीच्या, वसाहतींमधली दोन घरं, आणि त्यांच्यापुढे चौदा रकाने: चौरस फुटाचा दर, गेल्या वर्षीचा दर, घर किती दिवस बाजारात आहे, किंमत किती वेळा उतरवली. शेवटी तुझा प्रश्न, आणखी सहा महिने थांबलो तर भाव तळाला जातील का? चौदा रकान्यांत असोसिएशनच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संस्थेच्या, हिशेबाचा एकही नाही. ते बघून मी चिडले, हे आधीच सांगून टाकते.

तळाचा नाद सोड. मागच्या मोठ्या पडझडीत अमेरिकेतले घरांचे भाव २००६ च्या शिखरावरून २०१२ पर्यंत उतरत राहिले. देशभरात मिळून सुमारे २७ टक्के, आणि फिनिक्स, लास व्हेगसमध्ये अर्ध्याहून जास्त. तळ लागला हे लोकांना भाव वर जायला लागल्यावर कळलं. शिवाय आईबाबा राहतं घर विकून हे घेणार आहेत. इथे जे स्वस्त मिळेल, ते तिथे स्वस्तात सोडून आलेलंच असेल.

५५ प्लस वसाहतीत घर घेणं म्हणजे चारशे बिऱ्हाडांच्या सामायिक संसारात भागीदारी घेणं. छत, रस्ते, तलाव, क्लबहाऊस, विमा, सगळं सामायिक. भागीदारीत शिरताना शहाणा माणूस आधी वही मागतो. मंदीत तर वहीशिवाय पाऊलच टाकू नये, कारण मंदी आधी वहीत उतरते, किमतीत नंतर दिसते.

कशी ते बघ. चारशे घरं, महिन्याला ४०० डॉलर देखभाल, म्हणजे वर्षाला १९ लाख २० हजार. चाळीस घरांनी पैसे भरणं थांबवलं. खर्च तेवढाच राहतो, म्हणून उरलेल्या ३६० घरांवर महिना ४४४ डॉलर येतात. बँकेने थकलेलं घर जप्त केलं तरी फ्लोरिडाच्या कॉन्डो (सामायिक इमारतीतली मालकीची सदनिका) कायद्याप्रमाणे पहिल्या कर्जाच्या बँकेला मागच्या थकबाकीपैकी फक्त १२ महिन्यांची देखभाल किंवा मूळ कर्जाच्या १ टक्का, यांतली कमी असेल ती रक्कम द्यावी लागते. बाकीचं शेजाऱ्यांच्या माथी. म्हणून पहिला प्रश्न हा विचार: ६० दिवसांहून जास्त थकलेली घरं किती? १५ टक्क्यांच्या वर आकडा गेला तर फॅनी मे, म्हणजे बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी संस्था, तिच्या नियमांत ती इमारत बसत नाही, खरेदीदारांना कर्ज मिळणं अवघड होतं, आणि गिऱ्हाईक उरतं ते रोख पैसेवाल्यांचं.

दुसरा कागद राखीव निधीच्या अभ्यासाचा, म्हणजे रिझर्व्ह स्टडी. त्यातली एक ओळ अशी असते: छत, एकूण आयुष्य २० वर्षं, उरलेलं २, खर्च ३६ लाख. तिच्यापुढे निधीत प्रत्यक्ष किती आहे ते बघ. ९ लाख असतील तर २७ लाखांची तूट आहे, आणि चारशे घरांत ती वाटली की दारी ६,७५० डॉलरचं पत्र येतं. त्याला स्पेशल असेसमेंट म्हणतात. एकूण निधी गरजेच्या ७० टक्क्यांच्या वर असेल तर वसाहत धडधाकट समज, ३० च्या खाली असेल तर निघून ये, मग घर कितीही देखणं असो.

तिसरा, आणि मला सगळ्यात प्रिय, कागद म्हणजे बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं. शेवटच्या २४ महिन्यांची. अंदाजपत्रक सजवता येतं, इतिवृत्त सजवायला कुणाला वेळ नसतो. मार्चमध्ये 'तलावाच्या पंपाबद्दल चर्चा', जूनमध्ये 'पंपाचा विषय पुढे ढकलला', सप्टेंबरमध्ये पुन्हा 'पुढे ढकलला'. एवढ्या तीन ओळींवरून ती वसाहत देखभाल कमी ठेवण्यासाठी दुरुस्त्या टाळते आहे हे कळतं. विमा कंपनी बदलली का, व्यवस्थापन कंपनी दोन वर्षांत दोनदा गेली का, वकिलाचं बिल अचानक वाढलं का, हेही तिथेच सापडेल. या वह्या घरमालकाला बघता येतात, म्हणून विकणाऱ्यामार्फत माग. द्यायला कुरकुर झाली तर तेही उत्तरच समज.

आता तुझी दोन घरं. किनाऱ्याजवळचा चौथ्या मजल्यावरचा कॉन्डो, इमारत १९८४ ची. २४ जून २०२१ ला फ्लोरिडातल्याच सर्फसाइडमध्ये चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही कॉन्डो इमारत कोसळली, ९८ माणसं गेली. दीड कोटी डॉलरच्या दुरुस्तीची वर्गणी तिथे मंजूर झाली होती, काम मात्र मागे पडलेलं होतं. त्यानंतर २०२२ च्या कायद्याने तीन किंवा जास्त मजल्यांच्या कॉन्डो इमारतींना ३० वर्षांनी माइलस्टोन तपासणी (बांधकाम अजून मजबूत आहे ना, याची पाहणी) आणि बांधकामाच्या राखीव निधीचा वेगळा अभ्यास सक्तीचा झाला. छत, भार पेलणारा सांगाडा, प्लंबिंग, वीज, पाण्यापासून संरक्षण, खिडक्या, हे सगळं त्यात येतं. पूर्वी रहिवासी मत देऊन निधी माफ करून घेत, ती वाट या बाबींपुरती बहुतांशी बंद झाली. जुन्या कॉन्डोंची देखभाल उसळली आणि भाव घसरले ते बरेचसे यामुळे. तुझ्या तक्त्यात ज्याला 'घसघशीत सूट' म्हटलं आहेस, ती सूट आहे की पुढच्या वर्गणीची आगाऊ कपात, हे या दोन अहवालांशिवाय कसं ठरवणार? १९८४ च्या इमारतीची पहिली तपासणी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत व्हायला हवी होती. पहिल्या टप्प्यावर भागलं की दुसरा टप्पा लागला, ते विचार. दुसरा टप्पा म्हणजे पहिल्या पाहणीत काहीतरी खराब दिसलं.

देखभाल किंमत कशी खाते, तेही एकदा मांडून बघ. महिन्याला १५० डॉलर वाढले, तर ७ टक्के व्याजाच्या ३० वर्षांच्या कर्जात तेवढ्या हप्त्यात सुमारे साडेबावीस हजारांचं कर्ज बसतं. म्हणजे उद्याचा खरेदीदार तुझ्या घराला तेवढे कमी देणार. किमतीत वीस हजार सोडवून घेतल्याचा आनंद एका सभेत पुसला जातो.

दुसरं घर, आतल्या बाजूच्या वसाहतीतलं नवं कोरं. तिथे वही वेगळ्या रीतीने फसवते. ९० टक्के घरं विकली जाऊन तीन महिने होईपर्यंत बोर्ड बिल्डरच्या हातात राहतं, आणि विक्री चालू असताना देखभाल कमी दाखवणं त्याच्या सोयीचं असतं. मंदीत विक्री रेंगाळते, तसा हा काळही लांबतो. नकाशातलं दुसरं क्लबहाऊस बांधायचं करारात कुठे बांधील आहे, ते शोध. सापडलं नाही तर ते नाहीच असं धर. कराच्या बिलात सीडीडी नावाची ओळ असेल: रस्ते-गटारांसाठी काढलेल्या रोख्यांचा हप्ता, बहुधा ३० वर्षांचा, आणि वर चालू खर्च. रोखे किती उरलेत ते विचार, तो आकडा किमतीत मिळवूनच तुलना कर. आणि बिल्डर व्याज दोन वर्षांसाठी कमी करून देतो म्हणून हुरळू नकोस. पहिल्या वर्षी २ टक्के कमी, दुसऱ्या वर्षी १, तिसऱ्या वर्षी पूर्ण. आईबाबा रोखीने घेणार, त्यांना त्याचा उपयोग शून्य. किंमत उतरवून माग.

जुन्या घराच्या बाबतीत विकणाऱ्याचं कराचं बिल बघून अंदाज करू नकोस. फ्लोरिडात राहत्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला ३ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, पण विक्रीनंतरच्या १ जानेवारीला ते बाजारभावावर येतं. वीस वर्षं राहिलेल्या आजींचं बिल आईबाबांचं असणार नाही.

तुझ्यापुरतंही एक सांगायचं आहे, कारण तू ते विचारलं नाहीस. १९९५ च्या कायद्याप्रमाणे अशा वसाहतीत वस्ती असलेल्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत ५५ पूर्ण झालेली एक तरी व्यक्ती राहावी लागते. उरलेल्या २० टक्क्यांचं काय करायचं ते वसाहत आपल्या नियमांत ठरवते. आई ५३ ची आहे. बाबांच्या मागे तिला राहता येईल असं नियमावलीत स्पष्ट लिहिलंय का, ते शब्दशः वाच. आणि उद्या घर तुझ्या नावावर आलं तर ते तुझं असेल, पण तुला त्यात राहता येईलच असं नाही. भाड्याने देण्यावर बंदी असेल तर विकलं जाईपर्यंत देखभाल, कर, विमा तुझ्या खिशातून. महिना ६०० डॉलर आणि दहा महिने, हे सहा हजार धरून ठेव. मंदीत दहा महिने काही फार नाहीत. खरेदीदारच ५५ च्या पुढचे, त्यातले बरेच स्वतःचं जुनं घर विकलं जाण्याची वाट बघणारे.

तू म्हणशील, एवढं कोण बघत बसतं, चांगलं घर हातचं जाईल. हे मला पुष्कळांनी ऐकवलंय. हेकट म्हणतात, एजंट तर माझं नाव निघालं की उसासा टाकतात. टाकू देत. एकेकाळी मीही किमतीच्या घासाघिशीवरच सल्ले दिले आहेत, ते अपुरे होते, आणि त्याची चुटपुट अजून आहे. म्हणून आता वहीवरून हलत नाही. गेलेल्या घरासारखं दुसरं मंदीत मिळतं. वाईट वसाहतीतून बाहेर पडायला मात्र मंदीतच सगळ्यात जड जातं.

तर क्रम असा ठेव. आईबाबांचं घर आधी विकलं जाऊ दे. नाहीतर ते विकलं जाण्याची अट खरेदीच्या करारात घाल. मंदीत विकणारे ती मान्य करतात, बदल्यात ४८ किंवा ७२ तासांची मुभा मागतात, म्हणजे दुसरं गिऱ्हाईक आलं तर तेवढ्या वेळात तुम्ही अट सोडायची नाहीतर सौदा, तीही चालेल. मग शक्य असेल तर त्याच वसाहतीत जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर भाड्याने राहू दे त्यांना, जानेवारीत नको. हिवाळ्यातली गर्दी सगळं झाकते. संध्याकाळी आठ-साडेआठला एक फेरी मारून दिवे लागलेली घरं मोजा, आणि दाराच्या मुठीला चाव्यांची डबी लटकलेली घरंही. पाटी नसली तरी ती बहुधा विक्रीची असतात. सौदा ठरला की एस्टॉपेल प्रमाणपत्र मागवा. असोसिएशनला ते दहा कामाच्या दिवसांत द्यावं लागतं, आणि त्या घरावरची थकबाकी व मंजूर झालेली वर्गणी त्यात येते. मंजूर वर्गणी विकणाऱ्याने भरायची, हे करारात लिहून घे. तोंडी नको.

तक्ता फेकू नकोस, त्याला चार रकाने जोड: थकबाकीची टक्केवारी, राखीव निधीची टक्केवारी, गेल्या पाच वर्षांतल्या विशेष वर्गण्या, आणि पाच वर्षांतली देखभालीची वाढ. कॉन्डोची इतिवृत्तं हातात आली की मला पाठव, माझ्याकडे रविवार मोकळा आहे. आईला सांग, बाबांना घाई करू देऊ नकोस.

तुझी,
मावशी