ऋण प्रबलन, मासेवालीची हाक आणि आरशातली चांदणी

मागच्या अंकात मानसशास्त्राच्या परिभाषेवर मी सहज चार ओळी लिहिल्या, तर संपादकांनी पत्रांची पिशवीच घरी पाठवली. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. ज्या शब्दांवर वर्गात मुलं हमखास अडखळायची, त्यांच्याबद्दलची पत्रं आधी घेते.

बाई, मी बारावीला आहे. ‘ऋण प्रबलनाचे उदाहरण द्या’ या प्रश्नाला मी ‘गृहपाठ केला नाही म्हणून सरांनी छडी मारली’ असं लिहिलं. शून्य मिळालं. ऋण म्हणजे वाईटच ना?
– विद्यार्थिनी, विटा

शून्य बरोबर आहे ग, पण तुझी चूक कुठून आली तेही मला ठाऊक आहे. ३१ वर्षं दर वर्षी मी ती तपासली आहे. मराठीत ऋण म्हटलं की कर्ज आणि पतसंस्थेची नोटीस आठवते, धन म्हटलं की लक्ष्मीपूजन. त्यामुळे ऋण वाईट आणि धन चांगलं, असा हिशेब मनात आपोआप होतो. इथला ऋण गणिताच्या तासाचा आहे. ऋण म्हणजे वजा, काहीतरी काढून घेतलं. धन म्हणजे अधिक, काहीतरी दिलं. आणि प्रबलन म्हणजे असं काहीही, ज्याने ते वागणं पुढच्या वेळी वाढतं. तेव्हा ऋण प्रबलन म्हणजे नकोशी गोष्ट दूर झाली आणि त्यामुळे वागणं वाढलं. नव्या गाडीत पट्टा लावेपर्यंत टिंग-टिंग वाजत राहतं. पट्टा लावला की ते थांबतं आणि दुसऱ्या दिवशी हात आपणहून पट्ट्याकडे जातो. हे ऋण प्रबलन. छडीने वागणं कमी व्हावं अशी अपेक्षा असते, म्हणून ती शिक्षा. छडी ‘दिली’ म्हणून ती धन शिक्षा आणि मोबाइल काढून घेतला तर ऋण शिक्षा. ‘धन शिक्षा’ म्हटलं की वर्ग हसायचाच, आणि हसला की निदान लक्षात राहायचं.

परवा मी किराणा दुकानात उभी होते. पुढे एक बाई, हातात पिशवी, रवा तोलून व्हायचा होता. चारेक वर्षांच्या मुलाने चॉकलेटच्या बरणीकडे बोट केलं. आई नाही म्हणाली. त्याने जमिनीवर बसकण मारली आणि सूर लावला. ती पुन्हा नाही म्हणाली. आता सूर वरच्या पट्टीत, दुकानदार बघतोय, मी बघतेय. शेवटी तिने न बघताच बरणीतून एक चॉकलेट काढून त्याच्या हातात कोंबलं. दुकान एकदम शांत.

आता दोघं काय शिकले ते बघ. रडल्यावर मुलाला काहीतरी मिळालं, म्हणजे त्याच्या रडण्याला धन प्रबलन. चॉकलेट दिल्यावर आईच्या कानावरचा भोंगा गेला, म्हणजे तिच्या देण्याला ऋण प्रबलन. पुढच्या वेळी तो लवकर रडणार आणि तीही लवकर देणार. ‘मी रोज कुठे देते, कधीतरीच देते’ असं आया सांगतात, पण त्याने काम आणखी चिवट होतं. कधी मिळतं कधी नाही, अशा प्रकारे पक्कं झालेलं वागणं विझायला फार वेळ लागतो. पुस्तकात त्याला आंशिक प्रबलन म्हणतात आणि विझण्याला विलोपन.

तुझ्या समाधानासाठी एक गोष्ट. साधक अभिसंधान, म्हणजे वागण्याच्या परिणामातून शिकणं, याचा जनक मानला जाणारा बी. एफ. स्किनर, त्यानेसुद्धा १९३८च्या पुस्तकात ऋण प्रबलन हा शब्द आपण ज्याला शिक्षा म्हणतो त्या अर्थाने वापरला होता. १९५३च्या पुस्तकात अर्थ बदलला. त्याला पंधरा वर्षं लागली, तुला बोर्डाच्या परीक्षेपर्यंत मुदत आहे.

मुलाची बुद्धिमत्ता चाचणी केली. बुद्धिगुणांक ९२ आला. आम्ही पेढे वाटायच्या तयारीत होतो, पण चाचणी घेणाऱ्या मॅडम ‘सर्वसाधारण आहे’ म्हणाल्या. ९२ म्हणजे सर्वसाधारण कसे?
– पालक, बार्शी

गुणांक या शब्दात ‘गुण’ आहे, त्यानेच तुमचा घोटाळा केला. हे शंभरपैकी मिळालेले मार्क नव्हेत. इथे १०० म्हणजे त्या वयाच्या मुलांची सरासरी. पूर्वी मानसिक वयाला, म्हणजे मूल साधारण कितव्या वर्षाच्या मुलाइतकी उत्तरं देतं त्याला, खऱ्या वयाने भागत. ती कल्पना विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाची, १९१२ची. भागाकाराला शंभराने गुणून सुटसुटीत आकडा करायची पद्धत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९१६मध्ये अमेरिकेत रूढ केली. आता तसं भागत नाहीत, मूल आपल्या वयाच्या मुलांमध्ये कुठे बसतं ते पाहतात. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे मुलं सरासरीपासून किती पसरलीत त्याचं माप, १५ धरलं, तर ८५ ते ११५ या पट्ट्यात शंभरातली साधारण ६८ मुलं येतात. तुमचा मुलगा त्यांतलाच. दुसऱ्या दिवशी, पोट भरलेलं असताना, तोच मुलगा चार-पाच गुण वर किंवा खाली जाऊ शकतो.

पेढे वाटा, हरकत नाही, पण आकड्याचे नकोत. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी सिमोन यांच्यासोबत पहिली चाचणी केली, ती शाळेत कोणत्या मुलांना जास्तीच्या मदतीची गरज आहे हे शोधण्यासाठी. बुद्धी ही कायमची ठरलेली रक्कम आहे असं मानू नका, हे त्यांनी स्वतः बजावलं होतं. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३४मध्ये ती चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. बिने-कामत चाचणी म्हणून ती अजून वापरात आहे. तुमच्या मुलाच्या अहवालात एकूण आकड्याच्या खाली उपचाचण्यांचे आकडे असतील. मॅडमना त्यांच्याबद्दल विचारा. त्याला शब्द जड जातात की ठोकळे, हे तिथे कळेल आणि अभ्यास घेताना तेच उपयोगी पडेल.

माझ्या भावाला डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला आहे. गावात म्हणतात, याच्यात दोन माणसं आहेत. मालिकेतही तसंच दाखवतात. तो दुसऱ्या माणसासारखा कधी वागत नाही. मग निदान चुकलं का?
– नाव दिलेलं नाही

निदान चुकलेलं नाही, गाव आणि मालिका चुकल्या आहेत. स्किझोफ्रेनिया हा शब्द १९०८मध्ये ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने दिला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दुभंगलेलं मन. आपण त्याचं छिन्नमनस्कता केलं आणि तो दुभंग मराठीतही तसाच आला. ब्लॉयलरला म्हणायचं होतं ते विचार, भावना, वागणं यांची एकमेकांशी असलेली गाठ सुटते, असं. एका देहात दोन माणसं, हे त्याने म्हटलेलं नाही. एका व्यक्तीत वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं असण्याचा विकार निराळा आहे. तो फार क्वचित दिसतो आणि त्याचा तुमच्या भावाच्या आजाराशी संबंध नाही.

या आजारात भास होतात, म्हणजे कुणी नसताना आवाज ऐकू येतात. संभ्रम होतात, म्हणजे जेवणात कुणी विष घालतंय अशी पुराव्यानेही न हलणारी समजूत होते. बोलणं विस्कळीत होतं, उत्साह आटतो. जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला तो असतो, तेव्हा तुमचं घर एकटं नाही. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू देऊ नका. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं, तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. आवाज ऐकू येतो असं तो म्हणाला की ‘कुठे काय, कुणी नाही’ असा वाद घालू नका. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय ना?’ इतकंच पुरे.

आमच्याकडे रोज सकाळी एक मासेवाली येते. ती गल्लीच्या टोकाला असतानाच आमचं मांजर पायरीवर जाऊन बसतं. भाजीवाला ओरडला तर ढिम्म हलत नाही. हा पावलोव्हचाच प्रयोग ना?
– वाचक, मालवण

अर्धा. जेवणाआधी ठरावीक आवाज ऐकवत गेलं की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटते, हे पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने दाखवलं. हाक ऐकून मांजराच्या तोंडाला पाणी सुटत असेल तर ते अभिजात अभिसंधान. पाणी सुटणं त्याच्या हातात नाही. उठून पायरीवर जाणं मात्र त्याचं स्वतःचं काम आहे, तिथे गेलं की बांगड्याचं डोकं मिळतं म्हणून. ते स्किनरच्या खात्यात. भाजीवाल्याला दाद न देणं म्हणजे भेदबोध, दोन हाकांतला फरक मांजर शिकलं. पावलोव्ह म्हटलं की सगळे घंटा काढतात, पण त्यांच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोम, बझर असं बरंच काही वापरलं जायचं. त्यांना १९०४चं नोबेल मिळालं तेही कुत्र्यांच्या पचनावरच्या कामासाठी. मासेवाली गाव सोडून गेली तर किती दिवस मांजर पायरीवर येतं ते मोजून कळवा. मी छापायला सांगेन.

वय ७३. पेटीवर बसलो की चाळीस वर्षांपूर्वी शिकलेला अभंग बोटांतून आपोआप निघतो. पण काल दुपारी कुणाकडे जेवलो ते सुनेला विचारावं लागतं. स्मरणशक्ती चांगली आहे की गेली?
– वाचक, मिरज

काका, ‘स्मरणशक्ती’ हे एकच गाठोडं नाही. माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटात एक लाकडी खोकं होतं. पुढे उभा आरसा, मध्ये पत्र्याचा आडपडदा, खाली कागदावर दुहेरी रेषेची चांदणी. हात थेट दिसत नाही. आरशात बघून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. रेषेला टेकली की एक चूक. पेन्सिल पुढे न्यायला जावं तर ती मागे येते, कोपऱ्यावर तर हात जागच्या जागी थरथरतो. एका वर्षी वडिलांच्या सलूनमध्ये मदत करणारा एक मुलगा होता. हा जन्मापासून आरशासमोर, म्हणून सगळ्या वर्गाने त्याच्यावर पैज लावली. पहिल्याच कोपऱ्यावर अडकला बिचारा. दहाव्या फेरीपर्यंत मात्र त्याच्या चुका निम्म्याहून कमी झाल्या, जशा सगळ्यांच्याच होतात.

हीच चांदणी कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी हेन्री मोलायसन या अमेरिकन माणसाला काढायला दिली. फिट्सच्या आजारासाठी १९५३मध्ये त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली होती, वय २७. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या मेंदूच्या भागाचा, बराचसा भाग काढला. त्यानंतर त्याला नवं काही आठवेना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की पुन्हा ओळख करून द्यायची. मिलनर यांनी तीन दिवस चांदणी काढून घेतली. रोज त्याच्या चुका कमी होत गेल्या. पण आपण हे आधी कधी केलंय, हे त्याला दुसऱ्या दिवशी ठाऊक नसायचं. हात शिकत होता, माणसाला पत्ता नव्हता. २००८मध्ये तो वारला तोवर जगाला त्याची फक्त आद्याक्षरं माहीत होती, एच. एम.

तुमची बोटं पेटीवर करतात ती प्रक्रियात्मक स्मृती. काल कुणाकडे जेवलो ती प्रसंगांची स्मृती. मेंदूत दोघींचे संसार बरेचसे वेगळे आहेत. म्हातारपणी पहिली तग धरते, दुसरी कुरकुरते. सुनेने ‘अहो, पाटलांकडे नाही का!’ म्हटल्यावर ‘हां, वांग्याची भाजी!’ असं आठवत असेल तर आठवण आत आहे, बाहेर यायला धक्का लागतो इतकंच. पण खूण सांगूनही जेवल्याचंच आठवत नसेल, रोजचा रस्ता चुकत असेल, पैशांचा हिशेब जुळत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. सुनेला सोबत न्या. ती जास्त खरं सांगेल.

मानसशास्त्र शिकलेल्यांना समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का?
– वाचक, डोंबिवली

नाही. परीक्षेत कॉपी करणारा मला कायम ओळखू यायचा, पण तो कागदाच्या खसफस आवाजावरून.