‘डेझिग्नेटेड हिटर’: बदली, मुखत्यार की नियुक्त?

प्रश्न असा: बेसबॉलवर मराठीत लिहिताना ‘डेझिग्नेटेड हिटर’ला (म्हणजे पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणाऱ्या खेळाडूला; थोडक्यात ‘डीएच’) ‘बदली फलंदाज’ म्हणावं की ‘नियुक्त फलंदाज’? आणि या एका खेळाडूवरून अमेरिकेत जवळपास पन्नास वर्षं भांडण का चाललं?

भांडण आधी घेऊ, म्हणजे शब्द निवडणं सोपं जाईल. 1968 साली पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, इतके वरचढ ठरले की अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक, दुसरी नॅशनल) अवघ्या .301 सरासरीवर, म्हणजे दहा प्रयत्नांत जेमतेम तीन यशस्वी फटक्यांवर, कार्ल यास्ट्रेम्स्की अव्वल फलंदाज ठरला. पुढच्या वर्षी पिचरच्या उंचवट्याची उंची 15 इंचांवरून 10 इंचांवर आणली. तरी अमेरिकन लीगचं समाधान होईना. 1973 पासून तिने पिचरच्या जागी दुसऱ्याच कुणाला तरी फलंदाजी करू द्यायला सुरुवात केली. हा गडी क्षेत्ररक्षणाला उतरत नाही. पहिला मान न्यूयॉर्क यांकीज संघाच्या रॉन ब्लूमबर्गचा. त्या पहिल्या पाळीत त्याला काही फटका मारायला मिळाला नाही, तिन्ही तळ (बेस) भरलेले असताना चार ‘बॉल’वर, म्हणजे पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंवर, आयता पहिला तळ मिळाला!

नॅशनल लीगने मात्र 2020 चा करोनाकाळ सोडला तर 2021 पर्यंत हा नियम मानला नाही. तिकडच्यांचं म्हणणं, जो मैदानात उतरेल त्याने बॅटही धरावी. शिवाय खरा डाव तिथेच रंगतो: पिचर झकास टाकतोय, दोन गडी तळांवर आहेत आणि नेमकी त्याचीच फलंदाजीची पाळी आली. त्याला ठेवायचा की चांगल्या फलंदाजासाठी काढायचा? बेचाळिशीतल्या बार्टोलो कोलोन या पिचरने 2016 मध्ये कारकिर्दीतला पहिला होम रन मारला तेव्हा या पक्षाला आकाश ठेंगणं झालं. पण 2021 मध्ये साऱ्या पिचरांची मिळून सरासरी होती .110. शिवाय 2015 मध्ये ॲडम वेनराइटसारख्या मोलाच्या पिचरने फटका मारून पळताना टाचेची शीर तोडून घेतली. अखेर 2022 पासून दोन्ही लीगमध्ये एकच नियम झाला. मला विचाराल तर मन जुन्यांकडे झुकतं, पण .110 बघायला पैसे देऊन कोण जाणार?

आता शब्द. ‘बदली’ सरळ बाद. बेसबॉलमध्ये ‘पिंच हिटर’ नावाचा खराखुरा बदली फलंदाज असतो. तो ज्याच्या जागी येतो त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला. डीएच मात्र पहिल्यापासून यादीत असतो आणि पिचर आपलं काम करतच राहतो.

मला स्वतःला ‘मुखत्यार फलंदाज’चा मोह झाला होता. दुसऱ्याच्या वतीने, आधीच लेखी ठरवून काम करणारा तो मुखत्यार; अर्थ चपखल बसतो. पण पिचिंग आणि फलंदाजी दोन्ही करणाऱ्या जपानी शोहेई ओहतानीने घोळ केला. 2022 च्या नियमाने सुरुवातीचा पिचर स्वतःच स्वतःचा डीएच होऊ शकतो आणि चेंडू टाकणं थांबवल्यावरही फलंदाजी चालू ठेवू शकतो. स्वतःच स्वतःचा मुखत्यार? कुठलाही वकील हसेल.

म्हणून ‘नियुक्त’. तो कुणाच्या वतीने खेळतो हे हा शब्द सांगत नाही, फक्त नेमलाय एवढंच सांगतो, आणि त्यामुळेच ओहतानीलाही पुरून उरतो. जपानीतला ‘शिमेई दाशा’ही याच वळणाचा, नाव घेऊन नेमलेला फलंदाज. (तिथल्या पॅसिफिक लीगने हा नियम 1975 मध्येच घेतला.) ‘नामनिर्देशित’ अर्थाने जवळचा आहे, पण वाचताना बँकेचा फॉर्म आठवतो. ‘नियुक्त’ म्हटल्यावर कुणाला निवडणूक न लढवता सभागृहात बसणारे राज्यपालनियुक्त आमदार आठवले, तर नियमाच्या विरोधकांना ते आवडेलच.

‘फलंदाज’ला एकाने आक्षेप घेतला की बेसबॉलची बॅट गोल असते, ती फळी कुठे? खरं आहे. पण तोफ डागणारा तो गोलंदाज, आणि त्याच्या धर्तीवर ‘फळी’ला तोच फारसी ‘अंदाज’ जोडून फलंदाज झाला. ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. म्हणजे क्रिकेटमध्येही शब्दशः अर्थ लावत बसलो तर फलंदाजाने फळी फेकायला हवी. रुळलेला शब्द आहे, राहू द्या.

लिहिताना पहिल्यांदा ‘नियुक्त फलंदाज (डीएच)’ आणि पुढे नुसतं ‘डीएच’. सॉफ्टबॉलमधल्या ‘डीपी’ला (डेझिग्नेटेड प्लेअर) मात्र हा शब्द लावू नका, तो क्षेत्ररक्षणालाही उतरू शकतो.