ओल्या झाडांचं वजन

प्रिय फौजदार,

शिरपूर तालुक्यात पोस्टिंग मिळाल्याचं कळलं, आनंद झाला. पहिला मोठा छापा बहुधा सातपुड्याच्या पायथ्याला, कपाशी नाहीतर तुरीच्या आड लावलेल्या गांजावरच पडेल. सरकारी वकील म्हणून मी हे खटले चालवले आहेत, त्यामुळे छाप्याचं तुला तुझे साहेब शिकवतील, मी जप्त मालाबद्दल लिहितो.

हिरवी झाडं उपटली की मुळांची माती, जाड खोडं, पानं, सगळं एकदम काट्यावर चढतं. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात मात्र गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात येत नाहीत. लागवडीच्या कलमाला वजनाची पायरी नाही. पण बाळगल्याचं कलम लावलंस आणि आकडा २० किलोच्या वर गेला, की किमान १० वर्षांची शिक्षा, आणि कलम ३७ मुळे जामीनही फार अवघड. मालक पळून जातो आणि सापडतो तो सालदार. मातीच्या वजनावर त्याची वर्षं आत जाऊ नयेत. म्हणून माती झटक, शेंड्यांचं वजन वेगळं लिही, झाडं ओली होती हे पंचनाम्यात स्पष्ट येऊ दे. ओला माल प्लास्टिकच्या गोणीत कोंबलास तर बुरशी धरते. सुकल्यावर वजन उतरतंच, आणि ओलेपणाची नोंद नसेल तर आरोपीचा वकील उलटतपासणीत तेवढा फरकच धरून बसतो.

जागेवरच नमुने काढायची जुनी सवय कुणी शिकवली तर ऐकू नकोस. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या मोहनलाल निकालानंतर आणि २०२२ च्या नियमांनंतर नमुने दंडाधिकाऱ्यांसमोरच निघतात, गांजाचा नमुना किमान २४ ग्रॅमचा आणि दोन प्रतींत. त्यासाठी त्यांच्याकडे कलम ५२-अ चा अर्ज लगेच टाक. हे कलम पाळलं नाही एवढ्यानेच खटला पडत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये म्हटलंय खरं, पण मग बाकीचा पुरावा तितका भक्कम लागतो, आणि तो दरवेळी असतोच असं नाही.

लाखेच्या सीलकडे बारीक लक्ष दे. गोणीवरचा ठसा, पंचनाम्यातला नमुना ठसा आणि लॅबच्या पत्रावरचा ठसा एकच हवा, आणि शिक्का कुणाच्या ताब्यात राहिला तेही लिहिलेलं हवं. जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण आता सक्तीचं आहे. तरी पंच पावरा आदिवासी असेल तर मजकूर त्याला पावरीत समजावून सांग, मगच सही किंवा अंगठा घे. न समजलेल्या कागदावर सही केलेला पंच कोर्टात टिकत नाही, आणि त्यात दोष त्याचा नसतो.

रुजू झालास की ठाण्यात जप्त माल सांभाळणाऱ्या मुद्देमाल कारकुनाशी आधी ओळख करून घे. छाप्यावरून पहाटे तीनला परतलास तरी त्याला उठव, माल जमा कर, वेळेसकट नोंद आणि पावती घे, मगच झोपायला जा.

तुझा,
काका