काळ्या केसांवर निंबू आणि मध: रंग किती उतरतो, केस किती बिघडतात

ताई, लग्नाला दीड महिना आहे, ब्लीच नको, मग निंबू, मध आणि दालचिनी लावून केस सोनेरी होतील का आणि उन्हात किती वेळ बसायचं, असं तुम्ही विचारलंय. सोनेरी होणार नाहीत, हे आधीच सांगून टाकते. तांबूस झाक येऊ शकते, तीही उन्हात उभं राहिल्यावर दिसेल एवढीच. व्हिडिओत ज्यांचे केस चार आठवड्यांत सोनेरी होतात, त्यांचे मुळातच भुरे असतात.

आपल्या केसांचा काळेपणा युमेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो आणि ते केसाच्या आत, खवल्यांच्या थराखाली बसलेलं असतं. वरून घासून किंवा धुऊन ते निघत नाही. त्याचं ऑक्सिडीकरण करून ते फोडावं लागतं. काळा केस उजळताना आधी लाल, मग नारिंगी आणि मग पिवळा होतो. पार्लरचं ब्लीच ही सगळी वाट चालतं. घरचा उपाय पहिल्या पायरीवरच दमतो.

तुमच्या यादीत खरं काम करणारी वस्तू मध आहे. मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. मध पाण्यात पातळ केला की ते अगदी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे केसातलं रंगद्रव्य फोडणारं द्रव्य, तयार करतं. घट्ट मध तसाच डोक्यावर थापला तर हे घडत नाही, नुसता चिकटा होतो. उष्णतेनं हे एन्झाइम मरतं, म्हणून गरम करून गाळलेला मध घेऊ नका आणि पाणीही कोमट नको. मेळघाटाकडचा किंवा गडचिरोलीकडचा न तापवलेला जंगली मध मिळाला तर तो घ्या.

खांद्यापर्यंतच्या केसांना 3 मोठे चमचे मध, म्हणजे साधारण 60 ग्रॅम, आणि 250 मिली पाणी पुरतं. पाणी बोअरचं नको. बादलीला तांबडा थर धरतो ना, ते लोखंड असतं आणि त्यानं पेरॉक्साइड लगेच फुटून वाया जातं. गावात आरओच्या कॅन येतात, ते पाणी चालेल. काही जणी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड पाणी आणतात. तिथं तोंडानं नुसतं ‘बॅटरीचं पाणी’ मागू नका, काही ठिकाणी त्या नावानं ॲसिडच हातात देतात. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात मिसळा, लोखंडी कढई नको आणि तांब्याचा गडवाही नको. तासभर सावलीत झाकून ठेवा. मग तेल नसलेल्या ओल्या केसांना चपचपीत लावा, वर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि तासभर केस ओले राहू द्या. मध्येच वाळले की काम थांबलं. पिशवी बांधून उन्हात बसू नका, त्यानं एन्झाइम बिघडतं. आठवड्यातून एकदा, असं पाच-सहा वेळा. टोकं आधी उजळतात, कारण ती जुनी आणि झिजलेली असतात. मुळांशी फारसा फरक पडणार नाही.

दालचिनी त्यात टाकू नका. ती टाळूला झोंबते, कुणाकुणाला पुरळ येतं, आणि काळ्या केसाला तिचा काही उपयोग नाही.

निंबूबद्दल जरा जास्त लिहिते, कारण नुकसान इथंच होतं. निंबूचा रस फार आंबट असतो, पीएच दोनच्या आसपास. ऊन आणि आम्ल मिळून थोडा रंग उतरतो हे खरं, पण केसाचे खवले उघडे पडतात आणि केस झाडूसारखा होतो. त्याहून वाईट म्हणजे रस कपाळावर, मानेवर किंवा हातावर ओघळला आणि तिथं ऊन लागलं तर कातडी भाजते. त्याच वेळी काही कळत नाही. एक-दोन दिवसांनी लाल होतं, फोड येतात आणि मग काळपट डाग पडतो, तो कित्येक आठवडे जात नाही. लग्नाच्या तोंडावर कपाळावर असा डाग कुणाला पाहिजे? एप्रिल-मेमध्ये अकोला-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा तर हा उपाय करूच नका. करायचाच असेल तर हिवाळ्यात सकाळी 8 च्या सुमारास, 2 मोठे चमचे रसात 4 मोठे चमचे पाणी घालून, फक्त केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला लावायचं. केस पाठीवर सोडायचे नाहीत, ओढणीवर पसरायचे. 20 मिनिटं झाली की केस, हात, मान सगळं धुवायचं. पंधरा दिवसांतून एकदा, तीन वेळांच्या वर नाही. संत्र्याचा रस निंबूपेक्षा सौम्य असतो, पण मग रंगही तेवढा उतरत नाही. नागपुरी संत्रं खाल्लेलंच बरं.

खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा, दोन्ही वर्ज्य. खवले उचलतात, केस गुंततो, तुटतो. कॅमोमाइल म्हणजे युनानी दुकानातला गुले बाबूना. तो फिक्या केसांवर पिवळी झाक चढवतो, काळ्यावर ती दिसतच नाही. पळसाच्या फुलांचंही तेच. धुळवडीला कापडावर रंग छान चढतो, काळ्या केसांवर शोधावा लागतो.

डोक्याला लावायच्या आधी फणीत निघालेले केस जमा करून, दोऱ्यानं बांधून, त्यांच्यावर हाच प्रयोग करा. वाळले की पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात न लावलेल्या केसांशी ताडून पाहा. मग एक केस ओला करून हलका ओढा. ताणून परत आखडला तर ठीक. रबरासारखा लांबतच गेला किंवा तटकन तुटला तर तिथंच थांबा.

या दीड महिन्यात आवळा आणि शिकेकाई बाजूला ठेवा. त्यांतलं टॅनिन बोअरच्या पाण्यातल्या लोखंडाशी मिळून काळं होतं, म्हणजे एका हातानं उजळवायचं आणि दुसऱ्या हातानं काळं करायचं. खारपाणपट्ट्यात राहत असाल तर डोक्याला साबण लावूच नका. जड पाण्यात साबणाचा चोथा होऊन केसावर बसतो. शाम्पू वापरा आणि शेवटी एक लिटर आरओच्या पाण्यात एक छोटा चमचा निंबूचा रस घालून ते केसांवरून ओता, मग साध्या आरओच्या पाण्यानं खळबळा. एवढ्यानंच केस पूर्वीपेक्षा चमकदार दिसतील, आणि पुष्कळदा त्या चमकेलाच लोक रंग उतरला समजतात.

नजरेत भरेल असा रंग हवा असेल तर मेहंदी जास्त भरवशाची. ती केस उजळवत नाही, वरून लाल-नारिंगी थर चढवते. पॅकेटावर मेहंदीच्या पानांशिवाय दुसरं काही लिहिलेलं नसावं. वावराच्या कुंपणाला मेहंदी असेल तर पानं सावलीत वाळवून, दळून, मलमलीतून चाळा. 100 ग्रॅम पावडर स्टीलच्या गंजात पाण्यात दह्याएवढी घट्ट भिजवा. थंडीत रात्रभर, उन्हाळ्यात तीन-चार तास पुरतात. चहा, कात, आवळा घालू नका, त्यानं रंग गडद होतो. दोन तास ठेवा. खरा रंग दोन दिवसांनी स्थिरावतो. ‘काळी मेहंदी’ म्हणून मिळते तिच्यात बहुधा पीपीडी नावाचं रंगाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी झाली तर चेहरा सुजतो. आणि मेहंदी लावल्यावर पुढं कधी पार्लरमध्ये ब्लीच करायला गेलात तर ते आधी सांगा. भेसळीच्या मेहंदीत धातूचे क्षार असले तर ब्लीच लागताच केस तापतो आणि गळून हातात येतो.

आता तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. घरातल्या चार वर्षांच्या पोरीचे केस काही न लावता भुरे झालेत, असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. दिवसभर उन्हात खेळून तसं होतं. पण केस विरळ, कोरडे आणि सहज उपटून येणारे झाले असतील, किंवा एकाच केसावर भुरा-काळा असे पट्टे दिसत असतील, तर ते प्रथिनं कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. अंगणवाडीत नेऊन वजन करा आणि दंडाचा घेर मोजायला सांगा. तो 12.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर सेविकेला नोंद करायला लावून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. 11.5 पेक्षा कमी भरला, किंवा पायावर बोट दाबल्यावर खड्डा तसाच राहिला, तर त्याच दिवशी न्या.