घरात कुणालाच नाही, मग बाळाला हा ॲनिमिया आला कुठून?

प्रश्न: मुलगा दहा महिन्यांचा आहे. तिसऱ्या महिन्यात एकदम पांढराफटक पडला, तेव्हापासून दर चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आता जेनेटिक रिपोर्टमध्ये आरपीएस१९ जीनमध्ये दोष, डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया असं आलंय. दोन्ही घरांत असलं कुणालाच नाही. घरचे म्हणतात मी गरोदरपणात लोहाच्या गोळ्या नीट घेतल्या नाहीत. खरंच माझं चुकलं का? आणि मोठ्या मुलीचा बोन मॅरो चालेल का?

उत्तर: ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही, हे घरच्यांनाही वाचून दाखवा. लोह कमी पडलं तर तांबड्या पेशी लहान होतात, या आजारात त्या बहुतेकदा नेहमीपेक्षा मोठ्या असतात. पहिलं रक्त चढवायच्या आधीचा सीबीसी काढून बघा, एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार वाढलेला असेल आणि रेटिक्युलोसाइट म्हणजे नव्या कोवळ्या तांबड्या पेशी जवळपास नसतीलच. आणि हो, आता लोहाचं टॉनिक स्वतःहून अजिबात देऊ नका, चढवलेल्या रक्तातून लोह आधीच अंगात साठतंय.

दोष आहे रायबोसोममध्ये. पेशीत प्रोटीन बनवणारं यंत्र ते, आणि ते स्वतःच साधारण ८० प्रोटीनचं बनलेलं असतं, त्यातलं एक बनवायची कृती आरपीएस१९ मध्ये असते. या जीनच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की माल निम्माच तयार होतो, रायबोसोम पुरत नाहीत. बाकीचं शरीर बऱ्यापैकी निभावून नेतं पण तांबडी पेशी घडताना कमी वेळात भरमसाट ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनमधलं प्रोटीन, लागतं, तिथे गाडी अडते आणि त्या पेशी मॅरोमध्येच, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त बनतं तिथेच, मरतात. या जीनचा या आजाराशी संबंध १९९९ साली सापडला, साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये हाच असतो, नंतर असे वीसहून जास्त जीन सापडलेत.

आता 'घरात कुणालाच नाही' याबद्दल. निम्म्याहून जास्त मुलांमध्ये हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईबाबांत नसतोच. पण काही आईबाबांमध्ये तो असतो आणि तरी ते ठणठणीत असतात, फार तर एमसीव्ही थोडा जास्त किंवा अंगठ्याची ठेवण जराशी वेगळी. म्हणून मुलाच्या रिपोर्टमधला नेमका तोच बदल तुम्ही दोघांनीही तपासून घ्या. एकात जरी निघाला तरी पुढच्या प्रत्येक गरोदरपणात तो बाळात येण्याची ५० टक्के शक्यता, दोघांतही नसेल तर खूप कमी, पण शून्य नाही, कारण कधीकधी तो आईच्या किंवा बाबांच्या फक्त बीजपेशींमध्ये (स्त्रीबीज किंवा शुक्राणूंमध्ये) असतो.

मॅरोची घाई सध्या नको. वर्षाचा झाल्यावर साधारणपणे आधी स्टिरॉइड देऊन बघतात, बऱ्याच मुलांना सुरुवातीला तरी गुण येतो. पण ट्रान्सप्लांटचा विषय निघालाच तर मोठ्या मुलीचं एचएलए (मॅरो जुळतो का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) जुळलं एवढ्यावर होकार देऊ नका, तिचीही हीच जीन टेस्ट करा, भले ती कधी आजारी पडलेली नसो. तिच्यातही तो बदल असला तर भावाला तोच दोष असलेला मॅरो मिळेल.