साप चावल्यावर देतात ती मुळी घरात ठेवावी का? नव्या संशोधनात काही तथ्य आहे का?

तुम्ही विचारलंय की सापाच्या विषावर वनस्पतींचे अर्क चालतात असं संशोधन हल्ली सारखं वाचायला मिळतं, गावाला तुमचे काका मुळी देतात, तर ती घरात ठेवावी का. माझेही काका मुळी देत. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असल्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही.

१९९४ चा जून. देवगड तालुक्यात सड्यावर आमची कलमं आहेत, तिथला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ढासळला होता. पाऊस लागायच्या आत सावरून घ्यावा म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, दगड रचत होते. फटीत हात घातला आणि फुरसं डसलं. हातभरही नसेल ते जनावर. आबा चालत घरी आले, वर हसत होते. तेव्हा दुपारचे चार वाजले असतील.

अण्णाकाकांनी सहाण मांडली. तांदळाच्या धुवणात मुळी उगाळून पाजली, उरलेली बोटाला चोपडली. कसली मुळी, हे विचारायची सोय नव्हती. "नाव सांगल्यान गुण जाता." साडेपाचला दुसरी पाळी, सातला तिसरी. तोवर हात कोपरापर्यंत सुजलेला. मी एकवीस वर्षांचा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गचकून घरी बसलेला, त्यामुळे माझ्या मताला घरात कवडीची किंमत नव्हती. आठच्या सुमारास आबांनी चूळ भरली आणि पाणी लाल आलं. आईने कुणालाही न विचारता शेजारच्या टेंपोवाल्याला हाक मारली.

वाटेतल्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस नव्हती. कणकवलीला पोचेपर्यंत अकरा वाजले. तिथल्या डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी टेबलावर उभी केली आणि म्हणाले, वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. फुरशाचं विष रक्त गोठवणारे घटक वापरून संपवून टाकतं, हे मला त्या नळीने शिकवलं. कॉलेजला जमलं नव्हतं. लस सुरू झाली तशी आबांना हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या. लस घोड्याच्या रक्तापासून करतात, कुणाकुणाला असं होतं, डॉक्टर तयारीतच होते. पहाटे नळीतलं रक्त गोठलं. सहाव्या दिवशी आबा घरी आले.

आणि ओटीवर अण्णाकाका गावाला सांगत होते, "सुयेन नाय, मुळयेन वाचलो तो. सुयेन उलट हीव भरला त्येका."

तो वाद अजून मिटलेला नाही.

आता तुमचं संशोधन. त्यातले बरेचसे प्रयोग असे असतात: विष आणि पाल्याचा अर्क आधी नळीत एकत्र करायचा, अर्धा तास तसाच ठेवायचा, मग ते मिश्रण उंदराला टोचायचं. उंदीर जगला की बातमी. अहो, साप चावण्याआधी तुमच्याकडे अर्धा तास मागून घेतो का? शिवाय ज्या झाडात टॅनिन भरपूर, म्हणजे तुरटपणा भरपूर, त्याचा अर्क नळीत कुठलंही प्रथिन साकळवतो, आणि विष हे मुख्यतः प्रथिनंच. पोटात घेतलेला तोच काढा रक्तात भिनलेल्या विषापर्यंत पोचतो, हे सिद्ध झालं असं मी कुठे वाचलेलं नाही. असले निबंध खोटे नसतात. पण त्यांच्यावरून कुणाला मुळी पाजायची नसते.

मग गावात मुळीने माणसं वाचतात कशी? निम्मी अर्धी प्रकरणं बिनविषारी सापांची. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. ही सगळी माणसं मुळीच्या खात्यावर जमा. जो दगावला त्याचं आयुष्यच सरलं होतं किंवा त्याला उशिरा आणला. मुळीच्या वहीत खर्चाचं पानच नाही! देशातल्या मृत्यूंची जी मोठी पाहणी झाली तिच्यात २००५ साली सर्पदंशाने सुमारे ४५,९०० माणसं गेल्याचा अंदाज निघाला, आणि त्यांतली फक्त २३ टक्के दवाखान्यात दगावली. बाकीच्यांची सरकारदरबारी दाद ना फिर्याद. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं, ते बरंच झालं.

काका म्हणतात, "आमचो अनुभव." अनुभवाला मी नावं ठेवत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांकडे तरी दुसरं काय होतं? लाल विंचवाच्या दंशाने हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन कोकणात माणसं, विशेषतः पोरं, पटापट जायची. ग्रामीण दवाखान्यात बसून त्यांनी प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली, मेलेल्यांचीसुद्धा. त्यातून १९८२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला, आणि १९८६ मध्ये प्राझोसिनवरचा. प्राझोसिन म्हणजे रक्तदाबाची साधी गोळी. गंभीर रुग्णांत चाळीस टक्क्यांच्या घरात असलेलं मरणाचं प्रमाण एका टक्क्यावर आलं. पुढे स्वतःच्याच गोळीला त्यांनी पुन्हा कसोटीला लावलं: ७० रुग्ण, निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी आणि विंचवाची लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते लसवाल्यांतले ३५ पैकी ३२, नुसत्या गोळीवाल्यांतले ८. हे २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपलंच औषध तोकडं पडतं हे स्वतः छापणारा वैदू दाखवा, मी सहाण डोक्यावर घेतो.

काकांच्या मुळीचं नाव मला कळायला १७ वर्षं लागली. माझी भाची वनस्पतीशास्त्र शिकायला लागली. परसात तिने ते झाड बघितलं, लाल देठांची पांढरी फुलं, काळी फळं, आणि जाता जाता म्हणाली, "मामा, ही सर्पगंधा ना?" नावातच साप आहे, मग काकांचा काय दोष. पण सर्पगंधेवर तपासणी झाली ती वेगळ्याच दुखण्यासाठी. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी तिचा रक्तदाबावरचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, १९५२ मध्ये तिच्यातलं रेसर्पिन वेगळं निघालं आणि ते जगभर रक्तदाबावर दिलं गेलं. म्हणजे मुळीत औषध होतंच. फक्त ज्याच्या हिरड्यांतून रक्त येतंय त्याचा रक्तदाब उतरवणारं औषध आम्ही त्याला तीन वेळा पाजत होतो. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ, औषधीच आसा मरे ती."

नवीन म्हणाल तर मला एकाच संशोधनाची आशा वाटते. फुरशाच्या विषातली रक्तस्राव घडवणारी प्रथिनं जस्ताशिवाय चालत नाहीत. शरीरातला पारा बाहेर काढायला वापरतात ते युनिथिऑल नावाचं जुनं औषध हे जस्तच ओढून घेतं. २०२० मध्ये आफ्रिकेतल्या फुरशाच्या विषावर ते उंदरांत चाललं, आणि नंतर केनियात निरोगी माणसांना तोंडाने देऊन त्याचा डोस बघितला. चावलेल्या माणसांवरची परीक्षा व्हायचीय. कृत्रिम प्रतिपिंडांच्या, म्हणजे विषाला निकामी करणाऱ्या प्रथिनांच्या, ज्या बातम्या येतात, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा २०२४ चा निबंध धरून, त्या नाग-मण्यारच्या जातीच्या विषावरच्या आहेत. आमच्या सड्यावरच्या फुरशाला त्यांचा उपयोग नाही.

एक सांगायचं राहिलं. लस म्हणजे अमृत नव्हे. ती ज्या विषापासून करतात ते बहुतेक तमिळनाडूतल्या सापांचं असतं आणि मुलूख बदलला की विषही थोडं बदलतं. आणि मी डॉक्टर नाही, नापास बी.एस्सी. आहे, पुढे पास झालो ती गोष्ट वेगळी.

आबा २०११ मध्ये गेले, सापाने नव्हे. काकांनी विचारलं की म्हणायचे मुळीने वाचलो, मी विचारलं की म्हणायचे डॉक्टरांनी.

तुमच्या काकांच्या मुळीचं नाव काढून घ्या, गुण गेला तरी चालेल. सर्पगंधा निघाली तर घरात कुणी रक्तदाबाच्या किंवा मन खचल्याच्या गोळ्या घेत असेल त्याच्यापासून लांब ठेवा. आणि साप चावला तर सहाण मांडायच्या आधी १०८ ला फोन करा. मुळी उगाळायचीच असेल तर रुग्णवाहिका गेल्यावर उगाळा, काकांचंही मन राहील.