बी.कॉम.ला फायनान्शियल मॅनेजमेंट आहे. एनपीव्ही (निव्वळ वर्तमान मूल्य) डोक्यात शिरत नाही, सुरुवात कुठून करू?

सूत्रं पाठ करणं आधी थांबव. एकच गणित हाताने सोडव.

आज 1,00,000 रुपयांचं मशीन घेतलं. पुढची तीन वर्षं, दर वर्षाअखेरीस 40,000 हातात येणार. वरवर पाहता 20,000 सुटले. पण भांडवलाचा खर्च, म्हणजे गुंतवलेल्या पैशावर दर वर्षी मिळायला हवा तो किमान परतावा, 10 टक्के धर. पहिल्या वर्षीचे 40,000 भागिले 1.10, म्हणजे आजचे 36,364. दुसऱ्या वर्षीचे 1.10 ने दोनदा भागून 33,058, तिसऱ्याचे तीनदा भागून 30,053. बेरीज 99,475. लाखाला 525 रुपये कमीच! हीच उणे एनपीव्ही. मशीन घेऊ नये. आता हेच 9 टक्क्यांनी करून बघ, उत्तर शून्याच्या वर येतं. मधे कुठेतरी, 9.7 च्या आसपास, ते शून्य होतं. तोच दर म्हणजे आयआरआर (अंतर्गत परतावा दर). झालं, दोन्ही एका दमात समजले.

मुलं खरी आपटतात ती घसाऱ्यात, म्हणजे मशीन झिजल्याबद्दल दर वर्षी खर्च म्हणून दाखवायच्या रकमेत. घसारा म्हणजे खिशातून जाणारा पैसा नव्हे, तो फक्त कर वाचवतो. म्हणून नफा काढताना वजा केलेला घसारा करोत्तर नफ्यात परत जोडायचा. (मी स्वतः पहिल्या चाचणीत हे विसरलो होतो, सगळं गणित गेलं.)

खेळतं भांडवल (रोजच्या व्यवहारात अडकलेला पैसा) नंतर बघ, ते सोपं आहे.